बारावा गडी

बक्षीस-समारंभाला आलेल्या पाहुण्यांनी मुलांना काय सांगावे, याचे काही तरी अलिखित शास्त्र असले पाहिजे. गेली वीस-बावीस वर्षे मी पुण्यातल्या एका शाळेत मराठी शिकवीत आहे, आणि व्यासपीठाच्या एका अंगाला प्रशस्तिपत्रकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येते. त्यामुळे ही भाषणे मी अगदी जवळून ऐकली आहेत. पूर्वीचे पाहुणे म्हणत, "थोरांची चरित्रे वाचा." मध्यंतरी "आईवडिलांचे पांग फेडा" असे सांगण्याची चाल पडली होती. आता सगळेच म्हणतात, "मोठी स्वप्ने पाहा." आणि एवढे म्हटले की वक्त्याचा उजवा हात आपोआप वर, छताच्या दिशेने जातो. छताला पंखे असतात, आणि त्यांतला एक नेहमी बंद असतो. पण मुले समजून घेतात. पाहुण्यांना पंख्यांपलीकडचे आकाश दाखवायचे आहे, हे त्यांना कळते.

माझ्या लहानपणी स्वप्न या शब्दाला एवढी प्रतिष्ठा नव्हती. स्वप्न ही झोपेत पडायची वस्तू होती. ते जागेपणी पाहणारा म्हणजे शेखमहंमद; मनोराज्यात रमून डोक्यावरचे गाडगे फोडून घेणारा. एखाद्या मुलाने मोठे काही करायचे मनावर घेतले, तर आमची आजी म्हणायची, "त्याला नाद लागलाय." मला हा शब्द अजून आवडतो. नाद गाण्याचा असतो तसा पत्त्यांचाही असतो, म्हणून तो थोडा बदनाम आहे, हे खरे. पण स्वप्न नुसते पाहिले तरी भागते, नादाला मात्र रोज काही ना काही खायला घालावे लागते. ते असो. पाहुण्यांना सुधारण्याचे काम माझे नव्हे.

२०२५ च्या जूनपासून त्या वर गेलेल्या हाताला एक नाव मिळाले आहे: ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला. पुण्याच्या व्यासपीठावर हे नाव विशेष सोयीचे पडते. कारण लखनौचा हा मुलगा घडला तो आपल्या खडकवासल्याला, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत. त्याच्या ४१ वर्षे आधी अंतराळात गेलेले राकेश शर्माही तिथलेच. इतकेच काय, गगनयानासाठी निवडलेले चारही वैमानिक, म्हणजे प्रशांत नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि स्वतः शुक्ला, त्याच फाटकातून बाहेर पडलेले. ज्या फाटकावरून आपण सिंहगडाला पिठले-भाकरी खायला जाताना बोट दाखवून मुलांना म्हणतो, "ती बघ एनडीए," त्या फाटकामागे आकाशाची वाट आहे, हे आपल्याला इतकी वर्षे फारसे जाणवले नव्हते.

शुक्लांचे उड्डाण आम्ही शाळेत पाहिले. २५ जून, बुधवार. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा-दीड आठवडा झालेला. उड्डाणाची तारीख आधी २९ मे होती. मग ती पुढे पुढे सरकत गेली. कधी हवामान, कधी रॉकेटमधून द्रवरूप प्राणवायूची गळती, कधी वरच्या स्थानकातच काही बिघाड. त्यामुळे मुलांचा अर्धा विश्वास उडाला होता. पण दुपारी १२ वाजून १ मिनिटाने फ्लोरिडातल्या केनेडी केंद्रावरून ते रॉकेट खरोखरच उठले आणि आमच्या सभागृहात जो गलका झाला तो शेजारच्या वाड्यापर्यंत गेला असला पाहिजे. शिपाईमामाही दारात उभे राहून टाळ्या वाजवीत होते. शुक्लांनी बरोबर आमरस नेला आहे हे कळल्यावर तर ते आमच्याच घरचे झाले.

गलका थांबल्यावर सहावीतल्या एका मुलाने हात वर केला. हा मुलगा प्रश्न विचारण्याबद्दल शाळेत कुप्रसिद्ध आहे. त्याने विचारले, "सर, काल रात्री त्यांना ताप आला असता तर?"

मी म्हटले, "तर दुसरा माणूस तयार होता. प्रशांत नायर."

"त्यांनीपण सगळं शिकलं होतं?"

"सगळं."

"मग आता ते काय करतायत?"

घंटा झाली, आणि मुले वर्गात गेली. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

राखीव म्हटले की आपल्याला रेल्वेचा डबा आठवतो. राखीव माणूस सहसा आठवत नाही. क्रिकेटच्या बाराव्या गड्याला आपण पाणी घेऊन येताना पाहतो. खो-खोत नऊजण मैदानात, तिघे कडेला. गाण्याच्या बैठकीत बुवांच्या मागे तानपुरा घेऊन बसलेला शिष्य असतो. सवाई गंधर्व महोत्सवात तो दर वर्षी दिसतो. त्याने दहा-पंधरा वर्षे तोच राग घोटलेला असतो. बुवांचा श्वास कुठे संपणार हे त्याला बुवांच्या आधी कळते. पण टाळी बुवांना मिळते, आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. वाटूही नये. तथापि त्या शिष्याच्या मनात त्या घटकेला काय चालले असेल, हा प्रश्न मला कादंबरीकार म्हणून फार दिवस छळीत आला आहे.

भारताच्या अंतराळ-इतिहासात असा एक तानपुऱ्यावरचा माणूस होऊन गेला. त्याचे नाव मला शाळेच्या सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत सापडले. प्रश्न होता: राकेश शर्मांबरोबर निवडला गेलेला दुसरा भारतीय कोण? दोन्ही संघ गप्प. उत्तर होते, विंग कमांडर रवीश मल्होत्रा.

१९८२ साली हवाई दलातल्या अनेक वैमानिकांना चाळणी लावून शेवटी हे दोघे उरले. चाळणीही साधी नव्हती. बंद जागेची भीती मनात कुठे दडून बसली आहे का, हे पाहण्यासाठी शर्मांना बंगळूरला एका खोलीत ७२ तास एकटे कोंडून ठेवले होते. मग दोघेही मॉस्कोजवळच्या 'स्टार सिटी' नावाच्या वसाहतीत गेले. तिथे सारे शिक्षण रशियन भाषेत. त्यामुळे चाळिशीकडे झुकलेल्या मल्होत्रांना आणि तिशीतल्या शर्मांना आधी बाराखडीपासून रशियन शिकावी लागली. ज्या शब्दाचा अर्थ चुकला तर जीव जाईल असे शब्द पाठ करायचे. म्हणजे आमच्या संस्कृतच्या पेपरापेक्षा जरा कठीणच. गरगर फिरणारी खुर्ची, वजन नाहीसे करणारे विमान, पाण्यात आणि बर्फात उतरावे लागले तर काय करायचे याचे धडे, पुन्हा परीक्षा, पुन्हा धडे. एकाने जे केले ते दुसऱ्याने केले. मल्होत्रा हुद्द्याने वरचे आणि वयाने पाच वर्षांनी मोठे. निवड शर्मांची झाली.

यात एक तपशील असा आहे की तो वाचल्यावर मी पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसलो होतो. सोयूझ यानात बसणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पाठीचा साचा घेतात आणि त्या मापाचे आसन तयार करतात. यान जमिनीवर आदळते तेव्हा मणक्याला धक्का बसू नये म्हणून. शिंप्याकडे माप द्यावे तसे. आणि राखीव माणसाच्या पाठीचेही माप घेतात; त्याचेही आसन करून ठेवतात. म्हणजे आपल्या पाठीच्या प्रत्येक उंचसखल भागाला अचूक बसेल अशी एक जागा जगात तयार असते, आणि आपण तिच्यात बसून कुठेही जात नाही.

३ एप्रिल १९८४. बायकोनूरहून सोयूझ टी-११ उडाले. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, त्यामुळे मला त्यातले काही आठवत नाही. पण सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता आणि पंतप्रधान इंदिरा गांधी शर्मांशी बोलल्या तेव्हा त्या खोलीत उभे राहायला जागा नव्हती, हे वडिलांनी मला इतक्या वेळा सांगितले आहे की मी ते पाहिले आहे असेच मला वाटते. वरून भारत कसा दिसतो, असे इंदिराबाईंनी विचारले आणि शर्मांनी इक्बालांच्या गीतातल्या ओळीने उत्तर दिले. ती ओळ मी इथे लिहीत नाही. वाचकांच्या ओठांवर ती आलीच असेल. त्या दिवशी वाड्यातल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आले होते म्हणतात. शर्मा ७ दिवस, २१ तास, ४० मिनिटे वर राहिले, ११ एप्रिलला उतरले, आणि भारतातल्या प्रत्येक शाळेच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात कायमचे जाऊन बसले.

त्या सगळ्या गोष्टीत, वडिलांच्या तोंडून, मल्होत्रांचे नाव मी एकदाही ऐकले नाही. वडिलांचा यात दोष नाही. गोष्टीत जागाच एकाची होती. सरकारने शर्मांना आणि त्यांच्या दोघा रशियन सोबत्यांना अशोकचक्र दिले, मल्होत्रांना कीर्तिचक्र. चक्रसुद्धा एक पायरी खालचे. मल्होत्रा पुन्हा हवाई दलाच्या कामाला लागले, दिल्लीजवळच्या हिंडन तळाचे प्रमुख झाले, आणि निवृत्त झाल्यावर बंगळूरला विमानांचे भाग बनवणाऱ्या उद्योगात त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. अंतराळात ते कधीच गेले नाहीत.

राखीव माणसांच्या गोड शेवटाच्या गोष्टी नाहीत असे नव्हे. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन पहिल्यांदा अंतराळात गेला, तेव्हा घेर्मान टिटोव नावाचा पंचवीस वर्षांचा तरुण तसाच पोशाख चढवून त्याच बसमधून रॉकेटपर्यंत गेला होता. रॉकेटपाशी एक चढला, दुसऱ्याने पोशाख उतरवला. पण चारच महिन्यांनी टिटोव स्वतः गेला. गागारिनने एक प्रदक्षिणा केली होती, याने सतरा केल्या, आणि अंतराळात झोप काढणारा पहिला माणूस म्हणून त्याचे नाव राहिले. अमेरिकेच्या केन मॅटिंगलीची कथा तर चित्रपटातून घरोघर पोचली आहे. १९७० च्या एप्रिलमध्ये अपोलो-१३ उडायला तीन दिवस राहिले असताना त्याला वगळले. कारण जर्मन गोवर झालेल्या एका सहकाऱ्याच्या सहवासात तो आला होता. राखीव जॅक स्वायगर्ट त्याच्या जागी गेला. वाटेत प्राणवायूची टाकी फुटली, आणि खाली राहिलेल्या मॅटिंगलीने त्या तिघांना परत आणण्याच्या खटपटीत रात्री जागवल्या. त्याला गोवर शेवटपर्यंत झालाच नाही! पुढे १९७२ मध्ये तो अपोलो-१६ मधून चंद्रापर्यंत जाऊन आला.

अशा गोष्टी पाहुण्यांना आवडतात, आणि त्यांत काही खोटे नाही. पण त्या सांगितल्या जातात त्या शेवट गोड झाला म्हणून. मल्होत्रांची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिला तसा शेवट नाही. आपल्याच इस्रोचे दोन शास्त्रज्ञ, एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन, अमेरिकेच्या शटलमधून जाण्यासाठी निवडले गेले होते. त्यांतल्या एकाने १९८६ मध्ये जायचे. त्याच वर्षी २८ जानेवारीला चॅलेंजर शटल उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत कोसळले, सातजण गेले, आणि या दोघांचा प्रवास कागदावरच संपला. इथे तर राखीवही गेला नाही आणि मुख्यही गेला नाही.

मला एका रशियन माणसाविषयीही चार शब्द लिहायचे आहेत. शर्मांच्या शेजारच्या आसनावर तो बसला होता आणि आपल्याकडे त्याचे नाव कुणी घेत नाही. गेन्नादी स्ट्रेकालोव. १९८३ च्या एप्रिलमध्ये तो सॅल्यूत-७ या स्थानकाकडे निघाला, पण यान स्थानकाला जोडता आले नाही. तसाच परत आला. सप्टेंबरमध्ये पुन्हा निघाला. या वेळी रॉकेट तळावरच पेटले. दोघेजण वरच्या टोकाला कुपीत बसलेले, खाली आग, आणि सुटकेची कळ दाबायला लागणाऱ्या तारा जळून गेलेल्या. खालच्या लोकांनी दुसऱ्या मार्गाने संदेश पाठवून कुपी उडवून दिली. पाठोपाठ रॉकेटचा स्फोट झाला. कुपी चार किलोमीटर पलीकडे जाऊन उतरली. आत बसलेल्यांनी सर्वांत आधी ध्वनिमुद्रणाचे यंत्र बंद केले, असे सांगतात, कारण त्यांच्या तोंडून जे शब्द निघाले होते ते जपून ठेवण्यासारखे नव्हते. त्यानंतर काही महिन्यांतच शर्मांच्या यानातला मूळचा अभियंता रुकाविश्निकोव आजारी पडला, आणि त्याच्या जागी बोलावणे आले ते या स्ट्रेकालोवला. तो पुन्हा जाऊन बसला. त्याच बायकोनूरला, तशाच रॉकेटच्या टोकाला. आणि या खेपेस सॅल्यूत-७ चे दार उघडले.

म्हणजे शर्मांच्या त्या यशस्वी यानातही ऐन वेळी बोलावलेला एक माणूस होताच.

आणि स्वतः शर्मा? पाहुण्यांची थोडी अडचण करणारी एक गोष्ट त्यांनी मुलाखतींतून सांगितली आहे. अंतराळात जायचे स्वप्न त्यांनी पाहिलेच नव्हते. गागारिन गेला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. भारतातल्या मुलाने असले काही मनात आणावे अशी सोयच तेव्हा नव्हती. त्यांना विमान चालवायचे होते. १९६६ मध्ये ते खडकवासल्याला आले, १९७० मध्ये हवाई दलात गेले, १९७१ च्या युद्धात मिग-२१ घेऊन २१ वेळा शत्रूवर गेले. आपली इच्छा पुरी झाली, असेच त्यांना वाटत होते. विमानाचा नाद होता. अंतराळ त्या नादाच्या वाटेवर पुढे कुठे तरी येऊन मिळाले. (आजीचा शब्द मी उगाच काढला नव्हता.) गगनयानाच्या चौघांचेही काहीसे तसेच. २०२० ते २०२१ असे वर्षभर ते रशियात शिकत होते, आणि त्यांची नावे देशाला कळली ती २७ फेब्रुवारी २०२४ ला. तोवर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विचारले तर सांगायचे काय? ज्या गोष्टीबद्दल चारचौघांत बोलताही येत नाही, तिच्यासाठी रोज उठून घाम गाळायचा, याला स्वप्न पाहणे म्हणणे मला तरी जड जाते.

आता हे सगळे मी एवढ्या आस्थेने का शोधीत बसलो, ते सांगितले पाहिजे. त्याला निमित्त सहावीतल्या मुलाच्या प्रश्नाचे झाले खरे, पण खरे कारण निराळे होते.

माझी एक विद्यार्थिनी. नाव लिहीत नाही. वडील पीएमपीच्या बसवर वाहक. पुष्कळ वर्षे त्यांची नेमणूक खडकवासल्याच्या बाजूच्या गाड्यांवर होती. रविवारी शहरात येणारे प्रबोधिनीचे छात्र त्यांच्या गाडीत बसत. ताठ बसणारी, सुटे पैसे तयार ठेवणारी आणि म्हातारे माणूस चढले की उठून उभी राहणारी ही मुले पाहून त्यांनी घरी येऊन सांगावे, "मुलं असावीत तर अशी." मुलगी ऐकत असे. पण प्रबोधिनीत मुलींना प्रवेशच नव्हता, त्यामुळे ऐकण्यात धोका काही नव्हता. मग ती नववीत असताना, २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने मुलींना परीक्षेला बसू द्या म्हणून आदेश दिला, आणि २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली. दुसऱ्या दिवशी ही शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभी. "सर, इंग्रजी निबंध कोण तपासून देईल?" मी मराठीचा मास्तर, आणि मॅट्रिकपलीकडे परीक्षांशी माझे फारसे जमले नाही, पण योग्य माणसाकडे तिला पोचवणे माझ्या हातात होते, ते केले.

पुढली वर्षे तिने काय केले ते मी पाहिले आहे. पहाटे पाचला पर्वतीच्या पायऱ्या, दोनदा वर, दोनदा खाली. मग गणित. मग कॉलेज. संध्याकाळी इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे. शेजारी त्रासून खिडक्या लावीत. लेखी परीक्षा उत्तीर्ण झाली. भोपाळला पाच दिवसांची मुलाखत असते. पहिल्याच दिवशी निम्म्याहून अधिक उमेदवार परत पाठवतात. ही पाचव्या दिवसापर्यंत राहिली आणि तिचे नाव पुकारले गेले. वैद्यकीय तपासणीतही पार पडली. वडिलांनी बसच्या डेपोत पेढे वाटले. मग अंतिम यादी लागली. मुलींच्या जागा मोजक्या. यादीत तिचे नाव नव्हते. नापास नव्हे, अपात्र नव्हे. सगळे बरोबर असून जागा संपलेल्या.

३० मे २०२५ ला मुलींची पहिली तुकडी प्रबोधिनीतून बाहेर पडली. १७ मुली, मुलांच्या खांद्याला खांदा लावून संचलन करीत गेल्या. वर्तमानपत्रात पहिल्या पानावर छायाचित्र होते. त्याच आठवड्यात तिचे वडील तिला घेऊन माझ्या घरी आले. पाणी झाले, चहा झाला. मग ते गृहस्थ खाली बघून म्हणाले, "सर, खरं सांगा. पोरीची तीन वर्षं फुकट गेली का हो?"

मास्तरला असे प्रश्न विचारू नयेत. विचारलेच, तर मुलीसमोर विचारू नयेत. तिला अजून संधी आहे, पदवीनंतर परीक्षा असतात, असे सांगता येते, आणि ते खरेही असते. पण त्यांनी ते विचारले नव्हते. गेलेल्या तीन वर्षांचे काय, असे विचारले होते. तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. महिन्याने सहावीतल्या त्या पोराने तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, तेव्हा मात्र मी शोधायला बसलो. आणि पुढे गणपतीत ते आरतीला आले असताना मी त्यांना मल्होत्रांची हकीकत सांगितली. रशियन बाराखडी सांगितली, पाठीच्या मापाचे आसन सांगितले. त्यांनी लक्ष देऊन ऐकले.

"म्हणजे त्यांनाही नाही नेलं," ते म्हणाले.

"नाही."

"आणि पुन्हाही नाही?"

"नाही."

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण विमान चालवीत राहिले."

"हो. तळाचे प्रमुख झाले."

"हां," एवढेच ते बोलले. समाधान झाले असे मी म्हणणार नाही. बापाच्या मनाचे समाधान इतक्या स्वस्तात होत नसते. पण त्यांनी नंतर दुसऱ्या चहाला नाही म्हटले नाही.

चौथीच्या इतिहासात आपण मुलांना सिंहगड शिकवतो. १६७० साली तानाजी पडला, मावळे मागे फिरले, आणि सूर्याजीने त्यांना पुन्हा उभे करून गड घेतला. गडावर समाधी तानाजीची आहे, ती तशीच असावी. पण सूर्याजी त्या रात्री काय म्हणून गडावर आला होता, असे मी यंदा वर्गात विचारले. एकीने सांगितले, "लढायला." दुसरा म्हणाला, "तानाजी मेला तर लागेल म्हणून." पहिली त्याच्यावर उसळली: "त्याला काय माहीत तानाजी मरणार? तो लढायलाच आला होता!" तास संपेपर्यंत दोघे भांडत होते, आणि मी भांडू दिले. प्रबोधिनीतले छात्रही धावत सिंहगड चढतात. ती तिथली जुनी रीत आहे. धावताना त्यांच्यातला कोण पुढे अंतराळात जाईल आणि कोण खाली राहील, हे गडाला ठाऊक नसते. पाऊल सगळ्यांचे सारखेच लागते.

प्रशांत नायर शुक्लांच्या उड्डाणाच्या वेळी खालीच होते, पण त्यांचे काम संपलेले नाही. माणसांना घेऊन जाणारे गगनयान २०२७ मध्ये उडेल, असे इस्रोने २०२५ मध्ये सांगितले. चौघांतून कोण जाईल, कोण राहील, ते तेव्हा ठरेल.

माझी विद्यार्थिनी आता बी. एस्सी.ला आहे. दसऱ्याच्या आसपास मला सकाळी पर्वतीवर भेटली. मी डॉक्टरच्या सांगण्यावरून पायऱ्या चढतो. म्हणजे साठ पायऱ्यांवर एकदा बसतो. ती वरून खाली येत होती आणि तिच्या मागे वस्तीतल्या तीन लहान मुली धापा टाकीत येत होत्या, त्यांतली एक रडवेली. मी विचारले, "ही काय पलटण?"

"माझ्या मागे लागल्या, सर. म्हणाल्या, आम्हालाही ने. मी तरी काय करू? यादी लागली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी गजर बंद करून ठेवला होता. तरी पाचला जाग येतेच. जाग आल्यावर पडून काय राहायचं?"

मग ती त्या रडवेल्या मुलीकडे वळून म्हणाली, "बुटाची नाडी बांध आधी. अशी नाही, दोन गाठी. आणि तोंडानं श्वास घेऊ नकोस." आणि मला "येते हं, सर" म्हणून त्या चौघीजणी पुन्हा वर चढू लागल्या; ही त्यांची दुसरी खेप होती.